बाभळीखालची पलटण

भद्रावती
३ नोव्हेंबर २०२४

दादा, जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून हे न फोडताच कपाटात टाकू नकोस. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडून पाहत नाहीस, म्हणून तुझ्या विशाखापट्टणमच्या पत्त्यावर लिहितेय. काळजी करू नकोस, कुणी गेलेलं नाही. मला भांडायचंही नाही. आज मैदानात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ऐकता ऐकता ते ज्याला डोळ्यांसमोर दिसेल असा माणूस एकच आहे, तो तू.

बाबांनी आज चालू मॅच थांबवली!

आधीचं सांगते. बाबांना हल्ली थोडं विसरायला होतं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, असं. वय झालंय, एवढंच. आज वरोऱ्याच्या टीमबरोबर आपल्या नवजीवन क्लबची फुटबॉल मॅच होती. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. मैदानातून ढोल ऐकू येत होता. आत येऊन पाहते तर बाबा नाहीत, आणि खुंटीवरचा त्यांचा टीमच्या मॅनेजरकीतला जुना निळा ट्रॅकसूटही नाही.

मी चपला न घालता धावले. कॉलनीच्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत बाबा मैदानाच्या मधोमध उभे होते. लुंगीवरून ट्रॅकसूटचं जॅकेट. खेळ चालू, बॉल त्यांच्या अंगावरून गेला, तरी ते सरळ रेफरीपाशी गेले आणि हात पुढे केला. रेफरी नवा होता, घाबरून त्याने शिट्टी देऊन टाकली. बाबांनी ती वाजवली. दादा, तीच शिट्टी, लांब आणि शेवटी झटका देऊन तोडलेली. सगळं मैदान जागच्या जागी थांबलं.

"बसा रे सगळे खाली," बाबा म्हणाले. "हे का खेळनं झालं? सारे बॉलच्या मांगं मांगं. गाई हाय का तुम्ही?"

वरोऱ्याची पोरं हसायला लागली. एकाने मोबाईल काढला. मला वाटलं जमीन फाटावी आणि आम्ही दोघं आत जावं. मी लाइनीच्या आत पाय टाकणार, इतक्यात पश्चिमेच्या बाभळींखालून आवाज आला. बायनाबाईचा. तुला आठवतेच ती, तर्री-पोह्यांच्या गाडीवाली. तिच्या आवाजाला कधी माईक लागला नाही.

"मॅनेजरभाऊ आले रे! उठा सारे!"

आणि बाभळीखालची सगळी पलटण उभी राहिली. म्हातारे, बाया, लेकरं, सगळे. बिरजूने ढोल असा काही हाणला की मोबाईलवाल्याचा हात खाली आला. प्रफुलदादा आता आपल्या टीमचा कोच आहे. तो पहिला येऊन बाबांपुढे मांडी घालून बसला. मग आपली पोरं बसली. आणि मग, विश्वास ठेव, वरोऱ्याचीही बसली.

बाबा दहाएक वाक्यं बोलले. अर्धी आजच्या मॅचची नव्हती. नावं तर कुणाचीच जुळत नव्हती. पण डावी बाजू रिकामी पडतेय हे त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी शिट्टी रेफरीला परत दिली, "आता खेळा" म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता बाभळींखाली जाऊन बसले.

आपण दोन-एकने जिंकलो. डावीकडूनच.

बल्लारपूरच्या त्या फायनलचं मी काही काढणार नाही. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
हर्षा


भद्रावती
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही, पण पाकीट परतही आलं नाही. म्हणजे तू ते घेतलंस. मला तेवढं पुरे.

मागच्या पत्रात मी "थोडं विसरायला होतं" असं लिहिलं होतं. थोडं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. तो मागे जात नाही, पुढेच जातो. बाबा मला वनमाला म्हणतात. आईच्या नावाने हाक मारतात आणि विचारतात, हर्षा शाळेतून आली का. मी रोज शाळेत शिकवायला जाताना बाहेरून कडी लावून जात होते, आणि कॉलनीत विचारलं की सांगायची, बाबांची तब्येत नरम आहे, झोपलेत. ज्या माणसाला अर्धं गाव वाकून जय भीम करतं त्याला लोकांनी असं पाहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बायनाबाई दारात. हातात पोह्यांचा डबा, मागे बिरजू, त्याच्या मागे पाच-सात जण. मला वाटलं चौकशी करून जातील. बायनाबाई ओट्यावर बसली आणि फटकन बोलली.

"काऊन वं पोरी, आमच्यापासून लपवून ठेवलं? आम्ही का परके होतो का?"

"तसं नाही बाई. लोक हसतील..."

"हसनाऱ्याचे दात मी पाहून घेतो. तू फक्त सांग, त्याले काय पायजे."

मी काय सांगणार! मलाच ठाऊक नव्हतं. तर दादा, ही मंडळी डॉक्टरांचा नंबर घेऊन गेली. बिरजूने फोन स्पीकरवर लावला आणि बाभळींखाली बसून सगळ्यांनी प्रश्न विचारले. डॉक्टर बिचारे बराच वेळ बोलले. त्यातून पलटणीने आपले नियम केले. बाबांना "ओळखलं का?" असं विचारायचं नाही. समोर आल्यावर आधी स्वतःचं नाव सांगायचं. ते चुकीचं बोलले तर खोडायचं नाही, त्यांच्याबरोबर चालायचं. गर्दीने एकदम घेरायचं नाही. बिरजू म्हणाला, "ताई, हे तं मॅचचेच नियम झाले. एका टायमाले एकच मानूस बॉलवर."

आता रोज सकाळी बिरजूचा ऑटो दारात येतो. "मॅनेजरभाऊ, मी बिरजू. प्रॅक्टिसले टाइम झाला." बाबा तयारच असतात. मी शाळेतून येईपर्यंत ते मैदानाजवळ, कधी बायनाबाईच्या गाडीपाशी, दुपारी कुणाच्या तरी घरी. कडी मी खिळ्यासकट काढून टाकली.

सगळ्यात भारी पुढे आहे. बायनाबाईच्या डोक्यातून निघालं. पलटणीतल्या प्रत्येकाने छातीवर लाल कापडाची पट्टी शिवून घेतलीय, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने मोठ्या अक्षरांत नाव. बिरजू. बायनाबाई. प्रफुल. बाबांना वाचता येतंय अजून. मागच्या रविवारी बाबा मॅचला गेले, आणि बाभळींखाली शंभरेक लोक छातीवर नाव लावून बसलेले! दुसऱ्या टीमला वाटलं आमचा काही मोर्चा आहे. बाबा एकेकापुढे थांबून नाव वाचत गेले. "झाडू. हं. फिट हाय का?" झाडूकाका साठीचे, गुडघे धरून चालणारे. "एकदम फिट, भाऊ!" बाबांनी खांद्यावर थाप मारली आणि पुढे सरकले.

मी पट्टीवर वनमाला लिहू की हर्षा, हे दोन दिवस ठरवू शकले नाही. शेवटी हर्षा लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "माह्या पोरीचं नाव हेच हाय." मला वाईट वाटायला हवं होतं ना? पण ते इतक्या अभिमानाने म्हणाले की मी हसतच सुटले.

आपण सेमीफायनलला पोहोचलोय. नवजीवन! किती वर्षांनी!

हर्षा


भद्रावती
१५ डिसेंबर २०२४

दादा, जिंकलो!

चंद्रपूरच्या टीमला त्यांच्याच मैदानावर एक-शून्यने हरवून आत्ताच घरी आलेय. घसा बसलाय, हातावर बिरजूच्या ढोलाच्या काडीचा वळ आहे, कारण गोल झाला तेव्हा मी मध्ये आले. फायनल अहेरीला, अहेरीच्याच टीमशी, जानेवारीच्या पहिल्या रविवारी.

सगळं गोडच लिहिलं तर तू म्हणशील हर्षा थापा मारते. मागच्या मंगळवारी बाबांनी बिरजूच्या तोंडात मारली. ऑटोमधून उतरताना त्यांना वाटलं हा कुणी परका आपल्याला पळवून नेतोय. बिरजूचा ओठ फाटला. मी शाळेतून धावत आले तर बाबा गाडीपाशी थरथरत बसलेले, बायनाबाई त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात जुन्या मॅचचं काहीतरी बोलत होती, आणि बिरजू जरा लांब ओठावर बर्फ धरून उभा. मी त्याची माफी मागायला गेले.

"ताई, त्यांच्या हातचा मार मी लहानपनीबी खाल्ला," तो म्हणाला. "तवा प्रॅक्टिसले उशिरा आलो म्हनून. उद्या येतो, नेहमीच्या टायमाले."

पण मी मनातून हलले. तुला लिहिलं नव्हतं, नागपूरच्या एका केंद्रात मी बाबांसाठी जागा ठरवून ठेवलीय. तिथे अशा माणसांना सांभाळतात. जानेवारीपासून. मी एकटी आहे दादा, रात्री ते उठतात, आईला शोधतात, दार वाजवतात. मी त्या संध्याकाळी बायनाबाईला हे सांगितलं. मला वाटलं ती समजून घेईल. ती पोह्यांची कढई खाली ठेवून माझ्यावर उखडली.

"नागपूरले त्याच्या शिट्टीवर कोन पळन?"

"बाई, तिथे नर्स आहेत, डॉक्टर आहेत."

"असतीन. मी नर्स नाई. पन त्यानं शिट्टी वाजवली का इथी शंभर मानसं उभी होतेत. तिथी तो शिट्टी वाजवन अन् लोक म्हनतीन, म्हातारा बडबडून राह्यला."

"आणि रात्री? रात्री कोण येणार?"

तिने कढई परत चढवली. दुसऱ्या दिवसापासून ती रात्री आपल्या घरी झोपायला येते. विचारलं नाही, सांगितलं नाही, सतरंजी घेऊन आली. बाबा उठले की तीच म्हणते, "मॅनेजरभाऊ, मी बायनाबाई. वनमाला बाहेर गेली हाय, झोपा आता." आणि ते झोपतात! माझ्याने होत नव्हतं ते, कारण मी त्यांना खरं सांगत बसायची.

तरी जागा मी रद्द केलेली नाही. फायनल झाल्यावर ठरवेन. तुझं काय मत आहे? तू मुलगा आहेस. मत द्यायला तरी दोन ओळी लिही.

आणखी एक. क्लबचे अध्यक्ष म्हणतात मॅनेजरभाऊंना अहेरीला न्यायचं नाही. लांबचा रस्ता, जंगल, अनोळखी मैदान, काही झालं तर जबाबदारी कुणाची. प्रफुलदादाने सगळ्यांसमोर सांगितलं, "ते येत नसतीन तं कोचबी येत नाई." तू प्रफुलदादाला कधी माफ केलं नाहीस, मला माहीत आहे. त्या फायनलला तुझ्या जागी तो खेळला. पण त्याने ती जागा मागितली नव्हती. लोक कुजबुजत होते, मॅनेजरचा पोट्टा म्हणून टीममध्ये आहे. बाबांनी ते ऐकलं आणि टीममधल्या सगळ्यात चांगल्या पोराला अख्खी मॅच बाकावर बसवलं. आपण हरलो, आणि तू त्याच आठवड्यात गाव सोडलंस. आई गेली तेव्हा आलास, तेही विहारातूनच परत गेलास, घराची पायरी चढला नाहीस.

काढणार नाही म्हटलं होतं, काढलंच. पाठवते तसंच.

हर्षा


भद्रावती
६ जानेवारी २०२५

दादा,

हे पत्र शांतपणे बसून वाच. शेजारी कुणी असेल तर त्याला बाहेर पाठव.

आम्ही काल पहाटे अंधारातच निघालो. लग्नाला लावतात तसली ट्रॅव्हल्स, पुढे केळीचे खांब बांधायचेच बाकी होते. बाबा पुढच्या खिडकीत, अंगात ट्रॅकसूट, कानटोपी, छातीवर पट्टी. हो, त्यांनाही शिवली आहे: मॅनेजर. गोंडपिपरीपर्यंत ते झोपले. आष्टीच्या पुलावर वैनगंगेचं धुकं पाहून जागे झाले आणि विचारलं, "कोनासंग मॅच हाय?" बसमधून एकच आवाज, "अहेरी!" पाच मिनिटांनी परत विचारलं, परत तोच आवाज, तितक्याच जोरात. आलापल्लीच्या सागवानातून जाताना मी मोजायचं सोडून दिलं. कुणी एकदाही कंटाळून उत्तर दिलं नाही. लहान लेकरं तर वाटच पाहत होती, भाऊ परत कधी विचारतात.

अहेरीला मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर लोक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर लोक. अर्धे मराठी, अर्धे गोंडी, तेलुगू ओरडत होते. मी बाबांचा हात घट्ट धरला. वाटलं, इथे घाबरले तर मी काय करू? इतक्यात अहेरीच्या टीमचे मॅनेजर पुढे आले. सुकलू मडावी, एकेकाळचे गोलकीपर. तूही त्यांना गोल मारला असशील. बिरजूने त्यांना आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं.

"जय सेवा, बापूरावभाऊ. मी सुकलू. अहेरीचा."

"जय भीम," बाबा म्हणाले, आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "तुमचा गोलकीपर डाव्या अंगाले कच्चा हाय."

सुकलूभाऊ इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "होतो, भाऊ. होतो!"

पहिल्या हाफमध्ये आपल्यावर एक गोल झाला. अहेरीची पोरं हरणासारखी पळत होती. दुसरा हाफही तसाच चाललेला. पलटण ओरडून ओरडून थकली. बाबा आपल्या टीमच्या बाकाशेजारी खुर्चीवर होते, मी मागे. त्यांचा गुडघा हलायला लागला. मग हात. मग ते उठले. मला वाटलं आता हे मैदानात जातील. पण ते प्रफुलदादासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले,

"राजदीपले उतरव."

प्रफुलदादाने छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"भाऊ, मी प्रफुल..."

"तू प्रफुल हाय का कोन हाय, मले काई घेनं नाई. राजदीपले काऊन बसवलं बाकावर? माहा पोट्टा हाय म्हनून? लोक बोलून राह्यले म्हनून? बोलू दे लोकाईले! पोट्टा खेळते का नाई, ते पाय. उतरव त्याले. आत्ता. मॅच हातची जाऊन राह्यली."

दादा, ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. एक शब्द मी पदरचा घातलेला नाही. हवं तर प्रफुलदादाला विचार, बिरजूला विचार, बाकावर बसलेल्या पोरांना विचार. ते बल्लारपूरच्या मैदानावर उभे होते. ती मॅच त्यांच्या डोक्यात अजून चालूच आहे, संपलेलीच नाही. आणि त्यांना तुला उतरवायचं होतं.

प्रफुलदादा बाकाकडे वळला. तिथे पियुष म्हणून पोरगा आहे, कॉलेजात शिकतो, डाव्या पायाचा. त्याला वर्षभर पाठदुखीने सतावलं होतं, म्हणून या सीझनमध्ये फारसा उतरलाच नव्हता. प्रफुलदादाने त्याला उठवलं, बाबांसमोर आणलं आणि मोठ्याने म्हणाला, "राजदीपले उतरवून राह्यलो, भाऊ."

बाबांनी पियुषच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "कोनाचं ऐकू नको," म्हणाले. "लाइन धरून राह्य, अन् बॉल आला का आत कट मार."

पलटणीला काय चाललंय ते कसं कळलं, मला माहीत नाही. बायनाबाईला कळलं असणार. पियुषने लाइनीच्या आत पाय टाकला आणि पलीकडून तिचा आवाज उठला, "राजदीप!" बिरजूने ढोलावर दोन ठोके टाकले. "राजदीप!" परत दोन ठोके. मग शंभर गळे. अहेरीवाल्यांना वाटलं हा कुणी मोठा खेळाडू आणलाय, ते घाबरून गप्प झाले. आणि मग काही न समजता, नुसत्या मजेत, ट्रॉल्यांवरची पोरंही ओरडायला लागली. अख्खं अहेरी तुझं नाव घेत होतं, दादा. झाडांवरून, छपरांवरून. मी आयुष्यात एवढी ओरडले नसेन. मी ओरडत होते आणि रडत होते आणि नाक पुसायला माझ्याकडे काही नव्हतं.

पियुषने लाइन धरली. शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्याला बॉल मिळाला. एकाला चकवलं, आत कट मारला, आणि डाव्या पायाने असा काही क्रॉस टाकला की आपल्या लांबुड्या सेंटर फॉरवर्डला फक्त डोकं लावायचं उरलं होतं. एक-एक! मी कुणाला मिठी मारली ते मला अजून माहीत नाही. लाल मिशीवाले कुणीतरी काका होते.

मग पेनल्टी शूटआऊट. त्यात आपण हरलो.

हो, हरलो. आपली शेवटची किक खांबाला लागली. पोरं जागीच कोसळली. आणि त्या शांततेत बाबा दोन्ही हात वर करून नाचायला लागले! "जिंकलो! अरे जिंकलो ना रे!" आपल्या पलटणीने एकमेकांकडे पाहिलं. खोडायचं नाही, हा नियम. बिरजूने ढोल गळ्यात टाकला आणि वाजवायला लागला. बायनाबाई पदर खोचून नाचायला उतरली. मग प्रफुलदादा, मग रडणारी पोरं डोळे पुसत उठली आणि तीही नाचली. अहेरीची टीम कप घेऊन उभी होती, आमच्याकडे बघत. सुकलूभाऊ त्यांच्या कॅप्टनच्या कानात काहीतरी बोलले. तो पोरगा सरळ चालत आला आणि कप बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो डोक्यावर धरला. दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या. मग बाबांनीच तो कॅप्टनला परत दिला आणि म्हणाले, "धर बेटा, तू चांगला खेळला." त्यांना तो आपला पोरगा वाटला की अहेरीचा, देव जाणे.

परत येताना बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते. मी आज नागपूरला फोन करून जागा सोडून दिली. पुढे रोग वाढेल, मला माहीत आहे. तेव्हाचं तेव्हा पाहू, पलटण मिळून पाहू.

तू ये किंवा येऊ नकोस. पण बाबांनी तुला उतरवलं, हे तुला माहीत असायला हवं.

हर्षा


भद्रावती
१९ जानेवारी २०२५

दादा,

तू परवा फोन केलास. तुला जे ऐकू आलं ते तुला ठाऊक आहे. इकडे जे दिसलं ते तुला दिसलं नाही, म्हणून हे शेवटचं पत्र. पोस्टमन म्हणालाय शनिवारच्या आत पोहोचेल, म्हणजे तू गाडीत बसायच्या आधी.

तुझं "हॅलो" ऐकून माझ्या हातातली परात खाली पडली, तुला आधी आलेला तो आवाज तिचा. तू म्हणालास, "बाबांना दे." मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि स्पीकर सुरू केला. तू पलटणीचा नियम पाळलास, आधी नाव सांगितलंस. "मी राजदीप." मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. काहीच हललं नाही. मला वाटलं, संपलं, तू आता फोन ठेवणार.

मग ते म्हणाले, "राजदीप. बरं. फुटबॉल खेळता का?"

तुझं उत्तर येईपर्यंत बाबा शांतपणे वाट पाहत होते, जसे नवीन पोराची पाहायचे.

"खेळत होतो," तू म्हणालास.

"कोन्या बाजूनं?"

"डावीकडून."

हे तू म्हणालास आणि बाबा खुर्चीवरून उठले, दादा. उभे राहिले. फोनवर तळहात दाबला, म्हणून तुला पुढचं ऐकू आलं नाही आणि तू "हॅलो, हॅलो" करत राहिलास. ते माझ्याकडे वळले, डोळे असे चमकत होते, आणि कुजबुजले, "वनमाला! डाव्या पायाचा पोट्टा भेटला! याले हातचा जाऊ द्याचा नाई." मग हात काढला आणि एकदम कडक आवाजात तुला म्हणाले, "या मंग मैदानात. पाहू कसे खेळता. उशीर केला तं पाच चक्कर." तू हसलास की रडलास ते मला नीट कळलं नाही. बाबांनाही कळलं नाही. ते म्हणाले, "पोट्टा तयार हाय."

मला वाटलं होतं सकाळपर्यंत सगळं विसरतील. फोन विसरले. तुझं नावही विसरले. पण डाव्या पायाचा पोट्टा विसरले नाहीत. आज सकाळी मैदानात गेल्या गेल्या त्यांनी प्रफुलदादाला बाजूला घेतलं, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "एक नवा पोट्टा येऊन राह्यला. लेफ्टले. कोनाले बोलू नको, वरोऱ्यावाले पळवतीन."

प्रफुलदादाने शपथ घेतली. बायनाबाईने आतापर्यंत अर्ध्या भद्रावतीला "कोनाले बोलू नका" म्हणत सांगून टाकलंय. बिरजूने लाल कापड आणलंय.

ते तुला मुलगा म्हणून ओळखणार नाहीत, दादा. मनाची तयारी करून ये. एखादे दिवशी ओळखतीलही, एखादे दिवशी हाकलून देतील, मग दुसऱ्या दिवशी परत टीममध्ये घेतील. माझं तसंच चालतं. सवय होते.

बिरजू तुला चंद्रपूर स्टेशनावर घ्यायला येणार आहे. बॅग त्याच्याकडे दे. घरी यायच्या आधी, चहाच्या आधी, कुणाशी बोलत न बसता, सरळ मैदानात ये.

बूट घालून ये.

हर्षा